मांडव, मूल आणि मुलतानी

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

डिसेंबर तोंडावर आला की ‘सवाईला कोण कोण येतंय?’ अशी, पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन संगीत महोत्सवाबद्दलची विचारणा व्हॉट्सॲपच्या गटांवर सुरू होते, आणि ज्यांच्या घरी पाळणा हलतोय ते गप्प बसतात. यंदा त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी आम्हाला लिहिलं. एकाच अडचणीची तीन-चार पत्रं आली तिथे एक निवडलं आहे. एक पत्र आजीचं आहे, ते शेवटी.

बाळ आठ महिन्यांचं आहे, अंगावर पितं. लग्नाआधीपासून आम्ही दोघं सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचे सगळे दिवस बसायचो, आधी रमणबागेत आणि मग मुकुंदनगरला. गेल्या वर्षी डॉक्टरांनी जास्त वेळ मांडी घालून बसू नका म्हटलं, यंदा बाळ. त्याला घेऊन भारतीय बैठकीत अगदी मागे बसलं तर चालेल का? नाहीतर निदान एक दिवस कसा जमवायचा? – चिंचवड

बाळाला नेऊ नका. तुम्ही जा.

मूल रडेल आणि लोक वळून बघतील ही भीती बाजूला ठेवा, मागच्या रांगांत तेवढं चालून जातं. खरी अडचण अशी की तुमचं ऐकणं होणार नाही. विलंबित, म्हणजे संथ, एकतालात एक मात्रा चार सेकंदांची धरली तर बारा मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. आठ महिन्यांचं मूल मांडीवर ४८ सेकंद एका स्थितीत राहत नाही. दर समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, तुमचं लक्ष दुपट्यात. दुसरं कारण लशीचं. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, म्हणजे तुमच्या बाळाचा तो अजून व्हायचाय. डिसेंबरातल्या खोकणाऱ्या गर्दीत तासन्तास बसवण्याचं हे वय नाही.

आता तुमचा दिवस. ‘पाचही दिवस नाही तर काहीच नको’ असं मनात असेल तर ते आधी काढून टाका. एक सत्र निवडा. गेल्या काही वर्षांत बुधवार ते शुक्रवार दुपारी साधारण तीनपासून रात्री दहापर्यंत, शनिवारी चारपासून मध्यरात्रीपर्यंत आणि रविवारी दुपारी बारापासून अशी रचना असते. यंदाच्या वेळा आणि कलाकारांचा क्रम जाहीर झाल्यावर पाहून घ्या. मोठी नावं शेवटी असतात म्हणून सगळ्यांचा जीव रात्रीच्या सत्रात. बाळंतिणीसाठी मात्र पहिली दोन सत्रं सोन्यासारखी. मुलतानी, भीमपलास, मधुवंती, मग मारवा किंवा पूरिया धनाश्री हे सगळे राग साडेसातच्या आत होऊन जातात. मांडव अर्धा रिकामा असतो, खोकणारे कमी, चहाला उठणारे कमी. पहिल्या सत्रात बहुधा तरुण कलाकार असतो आणि तो तयारी करून आलेला असतो. रविवारी बाराला गेलात तर दुपारच्या सारंग रागाचे प्रकार कानावर पडण्याची शक्यता. वर्षभरातल्या बहुतेक मैफली संध्याकाळच्या, त्यामुळे सारंग समोर बसून ऐकण्याचे प्रसंग असेही थोडेच.

दैनंदिन तिकीट घ्या. सीझन तिकीट घेतलं की पैसे वसूल करण्याचा विचार डोक्यात बसतो आणि आपण थकूनही उठत नाही.

दुधाचं गणित असं. घरातून सव्वादोनला निघालात आणि साडेसातला परत आलात तर सव्वापाच तास. पिंपरी-चिंचवड महापालिकेपासून स्वारगेटपर्यंत मेट्रो थेट आहे, पुढे मुकुंदनगर रिक्षाने जवळ. गाडी लावायला जागा शोधण्यात जाणारा अर्धा तास वाचतो. निघण्याआधी पोटभर पाजलं आणि मध्ये एकदा मऊ खिचडी किंवा नाचणीचं सत्त्व दिलं, तर या वेळात दुधाच्या दोन वेळा येतील. दर वेळी १०० ते १२० मिलिलिटर धरा आणि एक वेळ जादा ठेवा, म्हणजे ३००–३५० मिलिलिटर. एवढं एका दिवसात निघत नाही. आठ-दहा दिवस आधीपासून सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर तासाभराने एकदाच काढा. सुरुवातीला ३०–४० मिलिलिटरच निघेल. बाई त्याला घाबरून पंप बदलायला धावते, पण ते सवयीने वाढतं.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकतं, फ्रिजच्या आतल्या बाजूला (दारातल्या कप्प्यात नाही) चार दिवस, आणि फ्रीझरमध्ये सहा महिने उत्तम राहतं. म्हणून पहिल्या दिवसांचं फ्रीझरमध्ये, शेवटच्या तीन-चार दिवसांचं फ्रिजमध्ये. ६० मिलिलिटरचे छोटे वाटे करा, वर तारीख लिहा. आदल्या रात्री फ्रीझरमधलं खाली फ्रिजमध्ये उतरवा. पूर्ण वितळल्यापासून चोवीस तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून गरम करा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. वर सायीसारखा थर दिसला म्हणून सासूबाई ते ‘नासलं’ म्हणून ओतून टाकतील. त्यांना आधीच सांगा, हलवलं की तो थर मिसळतो. बाळाच्या तोंडचं उरलेलं दोन तासांनंतर टाकून द्यायचं.

गोष्ट बिघडते ती इथे नाही, वाटी-चमच्याशी. आठ महिने दूध फक्त अंगावर प्यालेलं मूल ऐन महोत्सवाच्या दिवशी पहिल्यांदा चमच्यात दूध पाहतं आणि तोंड फिरवतं. सराव दहा दिवस आधी, रोज एकदा, आणि देणारी व्यक्ती आई सोडून दुसरी. आई त्या वेळी खोलीतसुद्धा नको, तिचा वास आला की मूल चमच्याला दाद देत नाही. मूल सपशेल उपाशी नसताना, जरा खुशीत असताना सुरू करा. घरात बोंडलं (दूध पाजायचं चोचीचं भांडं) असेल तर तेही चालेल, पण त्याची चोच आतून घासून उकळता येत असेल तरच.

साडेतीन-चार तासांनी तुमचे स्तन ताठतील. तो त्रास अंगावर काढला तर गाठी होतात, कधी ताप येतो. दोन कलाकारांच्या मध्ये मांडामांडीला दहा-पंधरा मिनिटं जातात, तेव्हा प्रसाधनगृहात जाऊन हाताने थोडं दूध काढून टाका, पूर्ण रिकामं करण्याची गरज नाही. जादा पॅड आणि अंगावर शाल. शाल थंडीला कामी येते, त्याहून डाग झाकायला.

फोनबद्दल घरच्यांशी एकच खूण ठरवा. मेसेज म्हणजे सहज कळवलं, मिस्ड कॉल म्हणजे निघ. बाकी बाळाचे फोटो पाठवू नका म्हणावं. चांगल्या आलापात ‘बघ कसा हसतोय’ आलं की संपलं.

मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. घरी तबल्याची रेकॉर्डिंग लावली की थांबून ऐकतो. त्याला या वर्षी मोठ्या मैफलीला न्यावं असं मला वाटतं, बायकोला वाटतं घाई आहे. किती वेळ बसेल? काय काय न्यायचं? – नाशिक

दोघंही बरोबर आहात. साडेतीन वर्षांचं मूल पस्तीस ते चाळीस मिनिटं बसेल, तेही समोर काहीतरी हलत असेल तर. म्हणून काय ऐकवायचं हे आधी ठरवा. बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं लांब गाणं, नको. स्वतंत्र तबलावादन, संतूर किंवा सतारीचा ‘झाला’ (वादनातला शेवटचा वेगवान भाग), दोन तबल्यांची जुगलबंदी, नाहीतर छोटा ख्याल आणि तराणा. गाण्याच्या मैफलीला न्यायचंच असेल तर कलाकार बसल्यावर पंचवीस-तीस मिनिटांनी पोचा, विलंबित संपत आलेलं असतं. पण आत शिरायचं टाळ्यांच्या वेळी. आलाप चालू असताना मुलाला कडेवर घेऊन रांगा ओलांडणाऱ्या बापाकडे लोक कसे बघतात हे तुम्हाला ठाऊक असेलच, बहुधा तुम्हीही कधीतरी तसं बघितलं असेल.

आठवडाभर आधी घरी तीनतालाची टाळी शिकवा. सोळा मात्रा, पहिलीवर टाळी, पाचवीवर टाळी, नववीवर खाली, तेरावीवर टाळी. मुलांना ‘खाली’ फार आवडते, हात हवेत उलटा करून सोडायचा असतो. मिनिटाला साधारण १२० मात्रांची लय घ्या, म्हणजे आवर्तन आठ सेकंदांचं होतं आणि त्याला मोजत बसता येतं. द्रुत २४० ला पोचली की तेच आवर्तन चार सेकंदांत संपतं आणि त्याचा हात मागे पडतो. तेव्हा सांगायचं, ‘आता फक्त सम पकड.’ मैफलीत या एका खेळावर पंधरा मिनिटं निघतात. टाळी आवाज न करता, मांडीवर.

जागा कडेची, मागची, बाहेर पडायच्या वाटेजवळची. खुर्चीपेक्षा भारतीय बैठक मुलाला सोयीची, कारण आडवं होता येतं. पण मांडवात बाजूच्या खांबांवरही ध्वनिक्षेपक टांगलेले असतात. त्यांच्याखाली बसू नका. मागची जागा म्हणून शांत समजून लोक नेमके त्या खांबाला टेकतात.

कानांवर कवच ठेवा. कानात घालायचे फोमचे बोळे या वयाला नकोत, मूल ते काढून तोंडात घालतं आणि घशात अडकण्याचा धोका असतो. कापसाचा उपयोग नाममात्र. लहान मुलांच्या मापाचे, कानावर बाहेरून बसणारे मफ मिळतात, ते घ्या. डिसेंबरात आपण मुलाला आधी कानटोपी घालतो आणि वर मफ चढवतो. कडेने फट राहते, सगळा आवाज आत. आधी मफ, वर टोपी. घरी दोन-तीन वेळा दहा मिनिटं घालून सवय करा, नाहीतर तिथे तो मफ भिरकावून देईल.

न्यायच्या गोष्टी थोड्या. पाणी, केळं किंवा सोललेली संत्र्याची फोड (कुरकुरीत काहीही नको, पाकिटाचा आवाज तंबोऱ्यावर चढतो), एक चादर, एक जादा चड्डी, आवाज न करणारं एक खेळणं. मोबाइल दाखवू नका. अंधारात तो पडदा मागच्या दहा रांगांना दिसतो आणि मुलाच्या लेखी मैफल तिथेच संपते.

पहिली चुळबुळ झाली की बाहेर. ‘हे एवढं होऊ दे’ म्हणालात की पाच मिनिटांनी रडणं. बाहेर चहा-भज्यांच्या स्टॉलपाशी आवाज येतोच. पुष्कळ पोरांनी पहिली मैफल तशीच, हातात बटाटावडा घेऊन ऐकलेली असते. आणि परतीचा रस्ता तुमचा एकट्याचा ठरवा. बायकोला नंतरचा कलाकार ऐकायचा असेल तर तुम्ही मुलाला घेऊन निघायचं, भांडण तिकीट काढतानाच मिटवायचं.

आम्ही रॉकवाले. पुण्यात २०१० साली वीकेंडर सुरू झाला तेव्हापासून अशा फेस्टिव्हलांना जातोय, गोव्यालाही जाऊन आलोय. मुलगी चौदा महिन्यांची आहे. परदेशात लोक बाळांना मोठे हेडफोन घालून नेतात, तसं इथे करावं का? – ठाणे

आमच्या मते नको, आणि कारण आकड्यांत सांगता येतं. सुरक्षित श्रवणासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं माप असं: मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, लहान मुलाला ७५ डेसिबल ४० तास. आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मा. या हिशेबाने ९० डेसिबलला मुलाच्या वाट्याला सव्वा तास येतो, १०० डेसिबलला साडेसात मिनिटं. हा आठवड्याचा कोटा आहे, दिवसाचा नव्हे. आणि मोठ्या स्टेजसमोर १०० डेसिबल ही काही विशेष गोष्ट नसते. त्याच ठिकाणी तुमचा स्वतःचा आठवड्याचा कोटा चोवीस मिनिटांचा आहे. तेव्हा तुम्हीही कानात काहीतरी घाला.

मफने वीस डेसिबल कमी झाले तर आत ८० उरतात आणि वेळ बारा तासांवर जातो. कागदावर ठीक. प्रत्यक्षात डब्यावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, चौदा महिन्यांच्या डोक्यावर मफ सरकतो, ती ओढते, आणि बासचे खोल आवाज मफमधून त्या मानाने जास्त आत येतात. त्यात धूळ, रेटारेटी, आणि संध्याकाळी साडेसातची तिची झोप. तिला दिवसाचे अकरा ते चौदा तास झोप लागते, मुख्य बँड नेमका त्या वेळी सुरू होतो.

दोन दिवसांचा फेस्टिव्हल असेल तर एक दिवस तुम्ही, एक दिवस जोडीदार. लाइन-अप आला की दोघांनी वेगवेगळ्या कागदावर तीन-तीन नावं लिहायची आणि मग दिवस वाटायचे. तोंडी बोलायला गेलात तर ज्याचा आवाज मोठा त्याला शनिवार मिळतो. एकत्रच जायचं असेल तर मुलीला आजोळी ठेवून दुपारचे सेट ऐका आणि शेवटच्या बँडच्या आधी निघा, गाडीही लवकर बाहेर पडते. तिकिटाआधी आयोजकांची वयाची अट वाचा. दारात वाद घालून ती अट सुटत नाही.

आवाज मोजायला मोबाइलचं ॲप चालेल, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका, मोठ्या आवाजात फोनचा माइक गोंधळतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर ती जागा मुलाची नाही, एवढं पुरे.

नवरा म्हणतो, ‘तू जा ना, मी कुठे अडवलंय?’ पण मुलाचं जेवण, औषध, झोप सगळं लिहून ठेवून, डबे भरून जावं लागतं आणि मांडवात पोचेपर्यंत मी दमलेली असते. – कोल्हापूर

लिहून ठेवणं बंद करा. महोत्सवाच्या आदल्या दोन रविवारी दुपारी तीन ते आठ घराबाहेर जा, कुठेही, आणि फोन उचलू नका. पहिल्या रविवारी मूल बिस्किटांवर राहील. दुसऱ्या रविवारी वडिलांना औषधाची बाटली सापडेल.

बाळ रात्री तीन-चार वेळा उठतं. मैफली सुटल्या ते सुटल्याच, पण आता घरीसुद्धा अर्धा तास सलग ऐकणं होत नाही. आम्ही लहानपणी वडिलांबरोबर रात्रभर बसायचो. ते दिवस आठवून वाईट वाटतं. – पुणे

रात्रभर बसण्याचे दिवस तुमच्या बाळाने नेलेले नाहीत. पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ साली गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सवाई महोत्सव सुरू केला आणि तो वर्षानुवर्षं पहाटेपर्यंत चालला, हे खरं. पण ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. शनिवार बारापर्यंत जातो तो त्या सवलतीतून. त्यामुळे मूल नसलेला श्रोताही आता मांडवात रात्री दोनचा मालकंस ऐकत नाही. दरबारीला तर महोत्सवांत जागाच आक्रसली. गायक ती गातात, पण साडेनवाला, घड्याळाकडे बघत.

आणि नेमके त्या वेळी तुम्ही जागे असता. उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेवर ऐकण्याची सोय आज मुख्यतः दूध पाजणाऱ्यांना आणि रात्रपाळीवाल्यांना आहे. हे आम्ही गमतीत म्हणत नाही. बाराच्या सुमाराला उठणं झालं तर बागेश्री किंवा दरबारी, दोन-अडीचला मालकंस, चारला सोहनी किंवा परज, आणि पाच-साडेपाचला बाळ टक्क जागं होऊन खेळायला लागलं की ललित. एका वेळी एकच राग आणि फक्त आलाप. पंधरा-वीस मिनिटांत तेवढाच होतो आणि तेवढा पुरतो. पुढच्या वेळी तीच रेकॉर्डिंग पुढून लावा. तीन रात्रींत एक बडा ख्याल पूर्ण होतो, आणि मधल्या दिवसभर तो मुखडा डोक्यात राहतो, हा फायदा मांडवातही मिळत नाही.

निवड आधी करून ठेवा. रात्री दोनला यूट्यूबवर शोधायला बसलात की दहा मिनिटं प्रकाशात डोळे तळमळतात आणि मग झोप लागत नाही. दुपारीच पाच रेकॉर्डिंग उतरवून क्रमाने लावून ठेवा. शोधण्याचा कंटाळा असेल तर आकाशवाणीची शास्त्रीय संगीताची चोवीस तासांची ‘रागम’ वाहिनी न्यूजऑनएअर ॲपवर चालू असते, २०१६ सालापासून.

इअरफोन एकाच कानात, वायर नसलेला. लोंबती वायर बाळाच्या गळ्याशी नको. दुसरा कान बाळाला. सोफ्यावर रेलून ऐकू नका, डोळा लागला तर बाळ कुशीत आणि गादीच्या फटीत अडकण्याचा धोका खरा आहे. खुर्चीत ताठ बसा, आणि पेंग यायला लागली की गाणं बंद करून बाळाला पाळण्यात ठेवा.

महोत्सवाच्या दिवसांत थोडा वेळ काढता आला तर शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात सकाळी लघुपट आणि मुलाखतींचे कार्यक्रम होत आले आहेत. दोन तासांचा मामला. संध्याकाळ मोकळी करता येत नाही त्यांनी यंदाचं वेळापत्रक जरूर पाहावं.

आम्ही गोव्यात. मुलं दोन आणि पाच वर्षांची. सभागृहातल्या मैफलीत मुलं बसत नाहीत आणि लोक चिडतात. लेकरांना घेऊन जाता येईल असं गाणं कुठे ऐकायचं? – फोंडा

सभागृहाचं खरं आहे. पणजीला केसरबाई केरकर समारोह असतो तेव्हा दोघांपैकी एकाने जावं, दोन वर्षांच्या मुलाला बंद सभागृहात तीन तास डांबण्यात कुणाचंच भलं नाही.

पण तुमच्या हाताशी वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह आहे. श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, चोवीस तास अखंड भजन, आणि संध्याकाळी रस्त्यावरच गाण्याच्या बैठकी. दार नाही, तिकीट नाही, उठून गेलात तर कुणाचं लक्ष नाही. पंधरा मिनिटं ऐका, फेरीत (दुकानांच्या जत्रेत) मुलांना फिरवा, परत या. गर्दी मात्र जबरदस्त. धाकट्याला कडेवर किंवा झोळीत, बाबागाडी नेलीत तर तीच तुम्हाला उचलून फिरावं लागेल. पाच वर्षांच्या मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी, आणि दोघांना रेनकोट. छत्री गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते.

दुसरा पर्याय दिवाळी पहाट, गोव्यात आणि महाराष्ट्रात सगळीकडे. पहाटेच्या मैफलीची वेळ लहान मुलांच्या घड्याळाशी जुळते. ती साडेपाचला उठतातच, आणि सकाळी पोट भरलेलं असेल तर दीड-दोन तास बऱ्या मूडमध्ये असतात. गाणंही तसंच बेतलेलं असतं, सुरुवातीला अहिर भैरव किंवा भटियारसारखा एखादा राग, मग नाट्यपदं, अभंग, शेवटी भैरवी, तुकडे पाच-दहा मिनिटांचे. उघड्यावर असेल तर सहाच्या आधी ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणून पत्रिकेत साडेपाच लिहिलं तरी गाणं सहानंतरच. उगाच चारला मुलांना उठवू नका. मैदानावर दव असतं. सतरंजी नुसती टाकली तर वीस मिनिटांत खालून ओली होते आणि मुलं ‘शी झाली’ म्हणून रडायला लागतात. खाली प्लॅस्टिकचा कागद, वर सतरंजी. प्रवेशिका आठ-दहा दिवस आधी वाटतात आणि लगेच संपतात.

माझं वय ६७. मुलगा-सून दोघं सवाईचे शौकीन, नात दीड वर्षाची. ‘आई, तू आहेसच’ असं गृहीत धरून त्यांनी सीझन तिकिटं काढली. मीही पस्तीस वर्षं सवाई ऐकलंय. हे कसं सांगू? – सदाशिव पेठ, पुणे

तिकिटं काढण्याआधी विचारायला हवं होतं, पण ती वेळ गेली. आता जेवायच्या टेबलावर कार्यक्रमपत्रिका ठेवा आणि तुम्हाला कोण ऐकायचंय त्या नावांवर पेन्सिलने खूण करा. बोलायची फारशी गरज पडणार नाही.

वाटणी करायला सोपं जावं म्हणून हिशेब देतो. पाच दिवस, रोज सरासरी दोन सत्रं धरली तर दहा. माणसं तीन. दोघांनी एकत्र ऐकायची चार सत्रं मुलगा-सुनेला द्या, तुम्ही नातीजवळ. तीन सत्रं तुम्ही आणि सून, मुलगा घरी. तीन सत्रं तुम्ही आणि मुलगा, सून घरी. म्हणजे तुमच्या वाट्याला सहा येतात आणि मुलगा-सुनेला सात-सात. नात दीड वर्षाची आहे, तिला रात्री झोपवणारा माणूस दर दिवशी बदलला तर त्रास होतो, तेव्हा रात्रीचं सत्र सोडणारा शक्यतो एकच असू द्या. तो तुमचा मुलगा असावा असं आमचं मत. सीझन तिकीट एकमेकांत फिरवता येतं का ते तिकिटाच्या मागे वाचा, नसेल तर तुमच्यासाठी दैनंदिन खुर्ची काढायला सांगा. भारतीय बैठक नको, गुडघे बोलतात. रस्त्याच्या कडेची खुर्ची, पाठीला एक लहान उशी, आणि मोजे.

आणि पत्रिकेवर खूण करताना हात आखडता घेऊ नका. सहा म्हणजे सहा.